दोघींनी पाहिलं तरच

त्या रविवारी सकाळी मी थर्मास भरून, उन्हाची टोपी डोक्यावर चढवून फाटकाशी उभी होते. इक्बालभाईंचा फोन आला तेव्हा मला काहीच वाटलं नाही, कारण रविवारी सकाळी त्यांचा फोन एकाच कारणासाठी यायचा. "निघतोय बरं का शुभाताई, चहात साखर घालू नका." नसरीनला साखरेचा आजार होता, पण तो तिच्यापेक्षा तिच्या नवऱ्यालाच जास्त झालाय अशी मी त्यांची चेष्टा करत असे. त्या दिवशी ते म्हणाले, "आज नाही येणार ती." मी म्हणाले, मग पुढच्या रविवारी जाऊ, त्यात काय एवढं. त्यांच्या मागे कुणीतरी बाई रडत होती, तेही मला ऐकू येत होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. मी वर म्हणाले, तिला द्या फोन, मी बोलते तिच्याशी... मग त्यांनी सांगितलं.

झोपेतच गेली, हृदय थांबलं. सुखाचं मरण आलं असं सगळे म्हणाले. झोपेत जाणं नसरीनच्या स्वभावात बसत नाही असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. दुपारच्या, असरच्या नमाजनंतर तिला दफनाला नेलं. मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसून होते. किती वेळाने कोण जाणे, तिच्या मोठ्या जावेने माझ्या डोक्यावरची टोपी हलकेच काढून माझ्या हातात दिली, तेव्हा लक्षात आलं की मी तळ्यावर जायच्या वेशातच तिथे आले होते. आता काही आठवडे उलटलेत. शाळेने शोकसभा घेतली. त्यात ती किती मनमिळाऊ होती, किती विद्यार्थिप्रिय होती, हे जो तो सांगत होता, आणि ऐकता ऐकता माझं डोकं फिरलं. नसरीन मुळीच मनमिळाऊ नव्हती. ती हट्टी होती, संशयी होती आणि खरी होती. आणि शेवटच्या काळात तिचा स्वतःच्याच नजरेवरचा विश्वास उडाला होता. ते तिला फार लागलं होतं. हे शोकसभेत कुणी बोललं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

जळगावातल्या एका शाळेत आम्ही दोघी एकाच जूनमध्ये लागलो. ती विज्ञान शिकवायची, मी मराठी. शिक्षक-खोलीत आम्हाला एकच लोखंडी कपाट मिळालं, वरचा कप्पा तिचा आणि खालचा माझा. तिच्या कप्प्यातून कधी बेडकाची बरणी तर कधी वाळलेली शेवाळं माझ्या निबंधांच्या वह्यांवर गळायची आणि आमचं कडाक्याचं भांडण व्हायचं. मैत्री त्या भांडणांतूनच झाली. तिच्या वर्गात एक नियम होता. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला की सगळी मुलं न बघताच पुस्तकातली आकृती काढून मोकळी होतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती दोन मुलांना वेगवेगळं बोलवायची, एकाने दुसऱ्याचं ऐकायचं नाही, प्रत्येकाने तिच्या कानात सांगायचं की काय दिसलं. दोघांचं जुळलं तर ती म्हणायची, "आता पाहिलं." नाही जुळलं तर दोघांनी परत पाहायचं. मुलं कंटाळायची, पण त्या मुलांना पुढे थापा मारणं जड गेलं असणार, एवढं मी खात्रीने सांगते.

तोच नियम तिने तळ्यावर आणला. तिला चतुरांचं वेड होतं. चतुर म्हणजे लहानपणी आपण ज्याला हेलिकॉप्टर म्हणत होतो तो किडा. बसताना पंख आडवे पसरून बसतो तो चतुर, आणि पाठीवर मिटून घेते ती नाजूक टाचणी, हे मला तिनेच शिकवलं. मला किड्यांत काडीचा रस नव्हता. पण रविवारी ती एकटी तळ्यावर जायला तयार नसायची, कारण एकटीने पाहिलेलं ती धरतच नसे. तिला दुसरा डोळा हवा होता आणि तो माझा होता. आम्ही काठावर थोड्या अंतरावर उभ्या राहायचो. ती नुसतं "तो" म्हणायची. मग पाठ फिरवून आधी मी सांगायचं, डोळे कसे, पाय कसे, पंखांच्या बुडाशी काय, आणि नंतर तिने. एकीने नाव घेऊन दुसरीला भुलवायचं नाही. मोबाईलमध्ये फोटो काढून पाहिला, पण त्यात कुंकवाचा ठिपका की किडा हेही कळायचं नाही. जमलं नाही की ती शांतपणे म्हणायची, "नाही धरायचं." माझा जीव मेटाकुटीला यायचा. उन्हात तासभर उभं राहून पाहिलेलं पाखरू, आणि बाईसाहेब म्हणणार नाही धरायचं.

ज्या चतुरासाठी आम्ही इतक्या रविवारांची माती केली, त्याला मराठीत नाव नाही. ती त्याला 'लाल शिरांचा' म्हणायची. हा युरोपातला, त्यातही तिकडच्या दक्षिणेच्या उबदार देशांतला अगदी सामान्य चतुर. कुठल्याही डबक्यावर सापडेल असा. पण भटक्या जातीचा. उन्हाळ्यात झुंडीने उत्तरेला सरकतो, समुद्र ओलांडून इंग्लंडपर्यंत जातो. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, इराणात आहे आणि तिथून आपल्याकडेही आहे. आपल्याकडे तो उंचावरच्या, डोंगराळ भागातल्या तळ्यांवर दिसतो आणि थंडीत इकडेतिकडे पसरतो. नर लाल, पण नुसता लाल नाही. पंखांच्या पुढच्या भागातल्या शिराही लाल, मागच्या पंखांच्या बुडाशी केशरी-पिवळा डाग, पंखांच्या टोकाजवळ फिकट पिवळी खूण आणि तिला काळी किनार. डोळे वरून तांबूस आणि खालून राखी-निळे. पाय काळे, त्यावर पिवळी रेघ. मादी मात्र पिवळी. आपल्या तळ्यांवर नेहमी दिसणारा जो लालभडक चतुर आहे, त्याचे पायसुद्धा लाल असतात. दुसरा एक आहे, त्याचा लाल गुलाबीकडे झुकतो. म्हणजे सगळा खेळ लालांतल्या फरकाचा.

आणि लालाच्या बाबतीत नसरीनशी कुणी वाद घालायचा नाही. तिचं माहेर दोंडाईचाचं, मिरचीच्या व्यापाऱ्याचं घर. हिवाळ्यात गावाबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पसरतात, नजर जाईल तिथवर लाल जमीन. तिथे तिचं लहानपण गेलं. अजून ओल धरून असलेली, नुकती वाळलेली, उन्हाने फिकी पडलेली, डाग लागलेली, हे सगळे लाल ती हात न लावता ओळखायची. माझ्या साडीचा काठ 'लाल' आहे असं मी म्हटलं की ती हसायची. "मिरचीवाल्याच्या पोरीला लाल शिकवू नकोस," हे तिचं ठरलेलं वाक्य. त्याच दोंडाईचापासून थोडं पुढे, एका छोट्या गावाच्या शिवारात एक पाझर तलाव आहे. उथळ, उघडा, काठावर झाडं नाहीत, दिवाळीनंतर पाणी मागे सरकत जातं आणि ओल्या चिखलात गुरांच्या खुरांचे खड्डे उरतात. लाल शिरांच्या चतुराला अंडी घालायला असंच पाणी आवडतं. तो खानदेशात नुसता येऊन जातो की इथे अंडीही घालतो, हे तिला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. म्हणून ते तिला स्वतः पाहायचं होतं. म्हणजे आम्हाला दोघींना पाहायचं होतं.

ज्या दिवसाबद्दल मला लिहायचंय तो दोन हिवाळ्यांपूर्वीचा. गाडी तीच चालवत होती, मला चालवता येत नाही. अमळनेर, बेटावद, शिंदखेडा करत आम्ही पोचलो तोवर ऊन चांगलंच वर आलं होतं. तळ्याच्या बांधावर गवताचा भारा बांधत असलेली एक म्हातारी आमच्याकडे पाहून हसली. तिथे गेलो की ती असायचीच, आम्ही तिला अक्का म्हणायचो. "इतला दूरथीन उन्यात, ते बी हेलिकॉप्टर देखाले?" तिने अहिराणीत विचारलं, एवढ्या लांबून आलात म्हणून. नसरीनने तिला तिच्याच बोलीत सांगितलं की आज पाव्हणा येणार शे. मग आम्ही आपापल्या जागी उभ्या राहिलो. पाण्यावरून ऊन थेट डोळ्यांत येत होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग नसरीनचा आवाज आला, नेहमीपेक्षा वेगळा. "तो."

मी पाहिलं. खुरांच्या खड्ड्यांपाशी, उथळ पाण्यावर, तिने बोट केलं तिथे पाहिलं. पाणी होतं, चिखल होता, उन्हाचा चकचकाट होता. दुसरं काही नव्हतं. आम्ही पाठी फिरवल्या. आधी माझी पाळी. मी म्हणाले, मला काही दिसलं नाही. मग ती स्वतःचं सांगू लागली. जोडी आहे, पुढे लाल, मागे पिवळी, नराने मादीला डोक्याशी धरलंय, दोघं मिळून खाली येतात, मादी शेपटाचं टोक पाण्याला लावते, परत वर... सांगताना तिचा चेहरा मुलीसारखा झाला होता. मी पुन्हा वळून पाहिलं. काही नाही. "शुभा," ती म्हणाली, "तू पाहिलंस ना?" तो प्रश्न नियमाबाहेरचा होता. असा तिने कधीच विचारला नव्हता. मी नाही म्हणाले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी मी नाहीच म्हणाले. आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही. त्या दिवशी मी तिचं मन राखायला हो म्हटलं असतं, तर ती गाणी म्हणत गाडी चालवत घरी निघाली असती, मीही तिच्या नजरेवर विसंबले असते आणि कदाचित आम्ही दोघी पोचलो नसतो.

परतीच्या वाटेवर ती माझ्याशी बोलत नव्हती. मीही तोंड फिरवून कपाशीची शेतं बघत बसले. शिंदखेडा मागे पडलं आणि तिने काचेवर पाणी उडवून वायपर चालू केला. वायपर दोनदा फिरला, थांबला. तिने परत पाणी उडवलं, परत वायपर. मी लक्ष दिलं नाही. तिसऱ्यांदा कोरड्या काचेवर रबर कचकच वाजू लागलं तेव्हा मी वैतागून म्हणाले, अगं, काय चाललंय तुझं? ती म्हणाली, "काच बघ ना किती घाण झालीय. धागे धागे... जातच नाहीयेत."

काच स्वच्छ होती.

मी तिच्याकडे पाहिलं. ती मान किंचित उजवीकडे वळवून, डावा डोळा पुढे आणून रस्ता बघत होती. आणि एकदम लक्षात आलं की सकाळपासून ती अशीच बसली होती. तळ्यावर अशीच उभी होती. गेले कित्येक दिवस वह्या तपासताना ती अशीच मान वाकडी करून बसायची आणि मी तिला मानेचा पट्टा लाव म्हणून सांगत होते. मी गाडी बाजूला घे म्हणाले. ती म्हणाली, कशाला. मी पुन्हा म्हणाले. तिने वेग कमी केला नाही. नसरीनला कुणी दरडावलं की ती मुद्दाम उलट करते हे मला माहीत होतं, आणि समोरून ट्रक येत होते, एकामागून एक. ओरडले असते तर ती दचकली असती. मग मला काय सुचलं देव जाणे, मी तळ्यावरच्या आवाजात म्हणाले, "मी सांगते मला काय दिसतं. मग तू सांग."

ती हसली, पण थांबवलं नाही मला. मी म्हणाले, डावीकडे बाभळ, पुढे मैलाचा दगड. तिने मान हलवली, दिसतंय. मी म्हणाले, उजवीकडून मोटरसायकल येतेय, मागे बाई बसलीय, हिरवी साडी. ती काही बोलली नाही. मोटरसायकल आमच्या अगदी जवळून सूंऽ करून गेली तेव्हा ती इतकी दचकली की गाडी हलली. मग मी म्हणाले, आणि माझा आवाज माझाच मला अनोळखी वाटत होता, "पुढे कापसाची ट्रॉली उभी आहे. रस्त्यावरच, अर्धी आत. तुला दिसतेय का?" "नाही," नसरीन म्हणाली. "मला धूर दिसतोय नुसता. लाल धूर." मी म्हणाले, ब्रेक दाब, डावीकडे घे, आणखी डावीकडे, आणखी. गाडी खडीवर खडखडत उतरली आणि थांबली. पुढे ट्रॉली इतक्या जवळ होती की कापसातून बाहेर आलेले बोंडांचे तुकडे मला काचेतून मोजता आले असते. नसरीनने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि मांडीवर ठेवले, शाळेत उभं राहून मार खाल्लेल्या मुलीसारखे.

इक्बालभाई आणि तिचा भाऊ येईस्तोवर आम्ही मागे राहिलेल्या त्या बाभळीखाली जाऊन बसलो. तिथे तिने कबूल केलं की उजव्या डोळ्यात काही दिवसांपासून काळे-लाल धागे तरंगत होते. आधी तिला वाटलं चष्मा पुसायला झालाय, मग वाटलं वय झालं. डॉक्टरकडे गेलं की ते गाडी बंद करतील आणि हिवाळा हातचा जाईल, म्हणून थंडी संपल्यावर जायचं ठरवलं होतं. मी तिला जे बोलायचं ते बोलले, अगदी तोंडाचा पट्टा सोडला. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "शुभा, तो लाल... डोळ्यातलाच असेल का गं?" तोवर हा विचार माझ्या मनात आला नव्हता. तिच्या मनात मात्र तो काचेपाशीच आला असणार.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक शिरा फुटल्यात, रक्त साठलंय, पडदाही ओढला जातोय. ऑपरेशन झालं. नंतर डोळ्यात भरलेल्या हवेने पडदा जागी बसावा म्हणून तिला पालथं झोपून राहायला सांगितलं, खातानासुद्धा मान खाली. ते दिवस फार वाईट गेले. पडदा बसेल की नाही, डॉक्टरही सांगू शकत नव्हते. इक्बालभाई दर थोड्या वेळाने येऊन तिची मान बघून जायचे, जणू तिने ती वर उचलली तर सगळंच संपणार होतं. मी पलंगाच्या कडेबाहेर आलेल्या तिच्या तोंडाखाली सतरंजी टाकून उताणी पडायचे, म्हणजे तिला माझं तोंड दिसे. असं तोंडाला तोंड करून आम्ही एरवी कधी बोललो नव्हतो. एका दुपारी ती म्हणाली, डोळ्यातलं रक्त असेल तर नजर फिरवली की ठिपका बरोबर फिरतो. बाहेरचं असेल तर जागीच राहतं. साधी गोष्ट आहे. "मी तपासलंच नाही गं. मुलांना जन्मभर सांगितलं, पुस्तकात आहे म्हणून पाहिलं म्हणू नका. आणि मला पाहिजे होतं म्हणून मी पाहिलं." मी म्हणाले, रक्त शेपूट पाण्याला लावत नाही, पिवळी मादी घेऊन फिरत नाही. ती म्हणाली, "मनाला काय, मन सगळं जोडून देतं." तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब माझ्या गालावर पडला. तो डोळ्यातल्या औषधाचा होता की ती रडत होती, मी विचारलं नाही.

डोळा वाचला, पण नजर पूर्ण आली नाही. डावा चांगला होता, काम चालत होतं. पण नसरीन बदलली. प्रत्येक गोष्ट ती दुसऱ्याला विचारून घेऊ लागली. हे निळंच आहे ना, इथे टिंब आहे ना, मुलाने उत्तर खोडलंय ना. प्रयोगशाळेत तिने मुलांना तपासायचं सोडलं, सहकाऱ्याला पुढे करायची. सगळ्यात जीवाला लागलं ते दोंडाईच्याला. तिच्या भावाच्या आडतीवर आम्ही बसलो होतो, मिरचीचा ठसका होता, सगळे शिंकत होते. तिने एक मिरची उचलली, उन्हात धरली आणि भावाला विचारलं, "सलीम, ही लालच आहे ना?" सलीमभाई तिच्याकडे बघतच राहिले. मी उठून बाहेर गेले. ज्या बाईने मला लालाचे प्रकार शिकवले तिला ते विचारावं लागावं, हे मला सहन झालं नाही. तिला त्या चतुराचं कौतुक होतं, खरंय, पण तेव्हापासून तिला चतुर नको होता. तिला तिची नजर परत हवी होती, आणि ती त्या तळ्याशिवाय कुठे मिळणार नव्हती.

म्हणून यंदाच्या थंडीतही आम्ही गेलो. गाडी इक्बालभाई चालवायचे. ते काठावर कधी येत नसत, गाडीत बसून पेपर वाचायचे आणि तिच्या गोळ्यांची वेळ झाली की हॉर्न वाजवायचे. किडे बघायला इतक्या लांब येणं त्यांना वेडेपणाच वाटायचं. आम्ही लालभडक पाहिले, गुलाबी पाहिले, टाचण्या तर पाण्यावर रांगेने. लाल शिरांचा एकदाही नाही. रविवारमागून रविवार गेला. तिचे पाय सुजू लागले, मूत्रपिंडांचं काहीतरी निघालं, चालताना दम लागायचा. परत येताना ती काचेकडे बघत बसायची, बोलायची नाही. एकदा फक्त म्हणाली की येणारा रविवार शेवटचा, पाणी आता फार ओसरलंय. त्याच रविवारी मी टोपी घालून फाटकाशी उभी होते.

गेल्या आठवड्यात इक्बालभाईंचा फोन आला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "शुभाताई, जायचं का? तिचा रविवार राहिलाय." मी नाही म्हणायच्या विचारात होते. मला ते तळं नको झालं होतं. पण त्यांचा आवाज ऐकून मी थर्मास भरला, आणि साखर घालायची की नाही यात घोळ झाला, शेवटी नाहीच घातली. वाटेत ती बाभळ आली तेव्हा त्यांनी वेग कमी केला, इतकंच. तळ्यावर अक्का होती. तिने गाडीकडे पाहिलं, मागच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्या म्याडम नही उन्यात?" मी मान हलवली. तिला कळलं असावं, कारण तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बांधावर बसून राहिली.

इक्बालभाई या वेळी गाडीत थांबले नाहीत. बूट काढून चिखलात उतरले आणि नसरीन उभी राहायची तिथे जाऊन उभे राहिले. मी माझ्या जागी. पाणी खूप मागे गेलं होतं, खुरांच्या खड्ड्यांत तेवढं साचलेलं. ऊन डोळ्यांवर येत होतं. मी कपाळाला हात लावून पाहत होते, आणि मला दिसलं. आधी वाटलं नाही दिसलं. मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. मी मुद्दाम नजर डावीकडे नेली, उजवीकडे नेली, परत आणली. ते जागीच होतं. मी नसरीनसारखं "तो" म्हणायला तोंड उघडलं. पण इक्बालभाई तिकडेच बघत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता पाठ फिरवली. मीही फिरवली. हा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता, गाडीच्या काचेतून इतके रविवार ते पेपर वाचत नव्हते हे मला तेव्हा कळलं.

"मी सांगू आधी?" त्यांनी विचारलं. मी सांगा म्हणाले. ते थांबत थांबत बोलू लागले. पुढे लाल आहे. मागे पिवळी. त्याने तिला धरलंय, मानेशी. खाली येतायत, ती पाण्याला शेपूट लावते... वर जातात. परत खाली. लालाचे पाय काळे. पंखात, पंखात पण लाल रेघा आहेत, ताई, शिरांसारख्या. मग मी सांगितलं. माझं त्यांच्याहून वेगळं काहीच नव्हतं, फक्त पंखांच्या बुडाशी केशरी डाग मी जास्तीचा सांगितला, आणि ते हो, हो म्हणाले. आम्ही वळून पाहिलं तेव्हा जोडी अजून तिथेच होती, खड्ड्याखड्ड्यावरून खाली-वर करत.

मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पण परत लावला नाही. "शुभाताई," ते म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी... ते रक्त नव्हतं ना?"

नसरीनने काय उत्तर दिलं असतं ते मला तोंडपाठ आहे. आज पाहिलं ते आजचं. त्यावरून त्या दिवशीचं काहीच सिद्ध होत नाही. त्या दिवशी एकटीने पाहिलं होतं, दुसरीने नाही, म्हणून नाही धरायचं. तिला स्वतःला मी डोळ्यांत पाणी असताना नाही म्हणाले होते, आणि ती माझ्या जागी असती तर तिनेही तेच केलं असतं.

"नव्हतं," मी म्हणाले. "तिने पाहिलं होतं."